वाइनची ओळख आणि नाताळची बरणी

पावसाळा सरता सरता आमच्या वसई परिसरातील काही तरुण-तरुणी बसने नाशिकला जाऊन आली. हेतू यात्रेचा नव्हता. द्राक्षांचे मळे पाहावेत, वाइन कशी तयार होते ते जाणून घ्यावे आणि तिची चव कशी घ्यावी हे शिकावे, यासाठी ही मंडळी गेली होती. त्यांतील एक तरुण बँकेत नोकरीला आहे. गेली दोन वर्षे तो या विषयाचा नेमाने अभ्यास करतो. वही ठेवतो, प्रत्येक बाटलीवरील मजकूर उतरवून घेतो, द्राक्षाची जात, साल, गाव यांची नोंद करतो. परतल्यानंतरच्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात तो मित्रांना हे सारे उत्साहाने समजावून सांगत होता. आम्हीही क्षणभर उभे राहून ऐकले. मुलाला विषय कळला आहे, असे वाटले.

त्यानंतर त्याच्या आजीने आम्हाला गाठले. त्या म्हणाल्या, “फादर, हा म्हणतो ही दारू नव्हे. खरे काय ते तुम्हीच सांगा.”

वाचकांना या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. या मुलाच्या वडिलांना आम्हीच मूठमाती दिली होती. वय पन्नाशीच्या आतले. दाखल्यावर यकृताचा विकार लिहिला होता, आणि तो कशामुळे जडला हे अंत्यविधीला जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आजीबाईंना ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे होते. आम्ही “पुढच्या रविवारी सांगतो” असे म्हणून वेळ मागून घेतली. प्रश्न साधा होता, पण तो केवळ एका घरचा नव्हता. काही वर्षांपूर्वी साऱ्या महाराष्ट्राने हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचे धड उत्तर कोणालाच मिळाले नव्हते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये आणि मोठ्या दुकानांमध्ये वाइन विकण्यास अनुमती देण्याचा निर्णय घेतला. दुकान किमान एक हजार चौरस फुटांचे असावे, वाइनसाठी स्वतंत्र कपाट असावे, प्रार्थनास्थळे व शिक्षणसंस्था यांच्याजवळ विक्री नसावी आणि दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांना ही सवलत नसावी, अशा अटी होत्या. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, हे कारण पुढे करण्यात आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असे सत्तापक्षाकडून जाहीरपणे सांगण्यात आले. तर महाराष्ट्राचे ‘मद्यराष्ट्र’ होऊ देणार नाही, अशी गर्जना विरोधकांनी केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. लोकांच्या सूचना व हरकती मागवल्याशिवाय अंमलबजावणी होणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर त्यांनी ते स्थगित केले. जून २०२२ मध्ये सत्तापालट झाला आणि तो निर्णय बाजूला पडला.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. परंतु बाटलीत काय असते, हे सामान्य माणसाला कोणी शांतपणे सांगितले नाही. एका बाजूने वाइनला जवळजवळ फळांच्या रसाच्या पंगतीला बसवले, तर दुसऱ्या बाजूने तिला हातभट्टीच्या शेजारी नेऊन ठेवले. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हेत. ज्या तरुणांना आज वाइन शिकावीशी वाटते, त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. ते जे शिकत आहेत ते पुरते शिकत आहेत काय, एवढीच आमची चिंता आहे.

प्रथम हिशेब पाहू. बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण शेकडेवारीत छापलेले असते. साध्या वाइनमध्ये ते बहुधा १२ ते १४ टक्के असते. आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये ते ४२.८ टक्के असते. बिअरमध्ये पाच ते आठ टक्के. एवढे पाहून माणूस म्हणतो, वाइन सौम्य आहे. पण कोणीही व्हिस्की पाण्याच्या पेल्याने पीत नाही. तीस मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये शुद्ध मद्यार्क सुमारे १३ मिलिलिटर असतो. वाइनच्या दीडशे मिलिलिटरच्या पेल्यात तो सुमारे १९ ते २० मिलिलिटर असतो. म्हणजे वाइनचा एक पेला हा दीड लहान पेग झाला. साडेसातशे मिलिलिटरची आख्खी बाटली १३ टक्क्यांची असेल, तर तिच्यात साधारण साडेसात लहान पेगांइतका मद्यार्क असतो. दोन मित्रांनी जेवताना एक बाटली संपवली, तर प्रत्येकाच्या पोटात पावणेचार पेग गेले. त्यानंतर दोघांपैकी कोणीही मोटारसायकलला हात लावू नये. हा हिशेब शाळेतील मुलालाही जमेल, पण वाइनच्या रसिकांच्या गप्पांत तो क्वचितच ऐकू येतो.

मद्यार्काचा रेणू एकच आहे. तो द्राक्षातून आला, मोहातून आला की उसाच्या मळीतून आला, हे यकृताला कळत नाही. मग फरक काहीच नाही काय? आहे. वाइन ही द्राक्षाच्या रसातील साखर आंबून तयार होते. तिच्यावर भट्टी लावून अर्क काढलेला नसतो. ती ठरावीक मातीत वाढते आणि हवेप्रमाणे बदलते. जेवणाबरोबर सावकाश घेण्याची तिची रीत आहे. म्हणूनच तिच्याविषयी शिकण्यासारखे पुष्कळ आहे. व्हिस्कीचा जाणकार मुख्यतः पिंपाविषयी बोलतो. वाइनचा जाणकार खरा असेल तर शेताविषयी बोलतो.

आणि शेताची गोष्ट आपल्याला जवळची आहे. युरोपात द्राक्षवेल थंडीत झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचा हंगाम येतो. आमच्याकडे वेलीला तशी झोप मिळत नाही. म्हणून नाशिकचा शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. उन्हाळ्यात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ज्यातून काडी तयार होते. आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, ज्यातून फळ येते. दोन छाटण्या आणि पीक एक. तोडणी जानेवारी ते मार्च या काळात. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरील त्या पठारावर हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री गारवा असतो, त्यामुळे द्राक्षात गोडी येते आणि आंबटपणाही टिकून राहतो. आपण टोपलीतून घेतो ती थॉमसन किंवा सोनाका द्राक्षे खाण्यासाठी असतात, बिनबियांची, मोठी, पातळ सालीची. वाइनचे द्राक्ष लहान, बियांचे, जाड सालीचे आणि अधिक गोड असते. तोंडात टाकले तर पोर थुंकून टाकील. पण रंग, तुरटपणा आणि सुगंध यांचा मोठा साठा त्या सालीतच असतो.

हा उद्योग आपल्याकडे फार जुना नाही. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन तयार करून परदेशी पाठवली, तेव्हा लोकांना नवल वाटले होते. पुढे राजीव सामंत यांनी नाशिकच्या गंगापूर धरणाच्या परिसरात वेली लावल्या आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणून उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि वाइनरी झपाट्याने उभ्या राहिल्या. अकलूजकडेही मळे झाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण याच गोष्टीचे दुसरे पान कमी वाचले जाते. २००८ नंतर जागतिक मंदी आली, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर पर्यटन आटले, वाइनचा उठाव घटला आणि ज्यांच्या भरवशावर वाइनची द्राक्षे लावली होती त्यांनीच खरेदी आखडती घेतली. ही द्राक्षे बाजारात खाण्यासाठी विकता येत नाहीत. नाशिक भागातील अनेक शेतकऱ्यांना त्या वेली उपटाव्या लागल्या किंवा त्यांवर खाण्याच्या द्राक्षांचे कलम करावे लागले. म्हणून ‘वाइन विकली तर शेतकरी तरेल’ असे कोणी म्हणते तेव्हा आम्ही थोडे थांबतो. राज्यातील द्राक्षांचा अगदी लहानसा हिस्सा वाइनकडे जातो. बाकी सारी बाजारात, निर्यातीत आणि बेदाण्यात जातात. वाइनमुळे काही शेतकऱ्यांना करारशेतीचा आधार मिळतो हे खरे, परंतु तिच्या नावाने साऱ्या द्राक्ष बागायतदारांचे दुःख सांगणे हे प्रामाणिकपणाचे नव्हे. त्यातच २९ डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या व्यापार करारानुसार तेथील महागड्या वाइनवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे. दुकानातील कपाटात नाशिकच्या शेजारी परदेशी बाटली स्वस्तात येऊन बसली, तर शेतकऱ्याच्या नावाने उघडलेले ते कपाट कोणाचे राहील, हाही प्रश्न आहे.

आता चव घेण्याच्या विद्येकडे वळू. कारण आमच्या तरुण मित्राच्या उत्साहाचे केंद्र तेथे आहे, आणि तेथेच आम्हाला कौतुकही वाटते व हसूही येते.

पेला तिरपा धरून रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, लहान घोट जिभेवर खेळवावा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि घशातील उष्णता ही निरनिराळी ओळखावी. एवढेच मूळ शिक्षण आहे आणि त्यासाठी कोणत्याही शुल्काच्या वर्गाची गरज नाही. आंबटपणा म्हणजे तोंडाला पाणी सुटणे. तुरटपणा म्हणजे जीभ व हिरड्या कोरड्या पडणे. जांभूळ, हिरडा किंवा दूध न घालता उकळलेला काळा चहा ज्याने घेतला आहे, त्याला टॅनिन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. उष्णता म्हणजे मद्यार्क. हे चार ओळखता आले की अर्धे काम झाले.

उरलेले अर्धे नाकाचे. येथे आमच्या मुलांची पंचाईत होते. अमेरिकेतील डेव्हिस येथील विद्यापीठात ॲन नोबल यांनी वाइनच्या सुगंधांचे एक चक्र तयार केले. अभ्यासाचे ते उत्तम साधन आहे. पण ते तेथल्या नाकांसाठी आहे. वसईत वाढलेला मुलगा ‘गूजबेरी’ आणि ‘ब्लॅककरंट’ असे शब्द पाठ करतो. ती फळे त्याने कधी हातात घेतलेली नसतात! नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये त्याला पेरूचा, कैरीचा, चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास खरोखर येतो, पण तसे म्हणायला तो लाजतो. वास्तविक ढोबळी मिरचीचा वास ही कविकल्पना नव्हे. त्या मिरचीला वास देणारे द्रव्य याच द्राक्षातही असते. शिराझ या लाल वाइनमध्ये मिरीचा झणका का लागतो, याचा शोध ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला: काळ्या मिरीला तिचा वास देणारे रोटंडोन हेच द्रव्य शिराझच्या द्राक्षात आढळले. तेव्हा ज्या घरात मसाला कुटला जातो त्या घरातील मुलाने परक्या फळांची नावे उसनी घेण्याचे कारण नाही. स्वयंपाकघरातील डबे उघडून डोळे मिटून वास घेतले, तर मद्याच्या थेंबाशिवाय या विद्येचा मोठा भाग शिकता येईल. हा प्रयोग आम्ही त्याला सुचवला. त्याच्या आईच्या मसाल्याच्या डब्यापासून त्याने सुरुवात केली आहे, असे ऐकतो.

रुबाबापासून सावध राहण्याचे आणखी एक कारण आहे. २००१ साली फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बेचव लाल रंग घालून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकाला फसवले. हे विद्यार्थी अनाडी नव्हते. वाइन हाच त्यांचा विषय होता. तेव्हा एखाद्या लग्नाच्या मेजवानीत कोणी पेला फिरवत दहा सुगंधांची यादी म्हणून दाखवली, तर त्याच्याकडे प्रेमाने पाहावे आणि त्याने लेबल आधी वाचले होते काय, एवढे विचारावे.

तसेच लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ घ्यावी, हा पुस्तकी नियम. तो युरोपातील थंड दगडी घरांसाठी आहे. वसईत मे महिन्यात खोलीचे तापमान तेहतीस अंश असते. त्या तापमानाला लाल वाइन औषधासारखी लागते. तिला अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवण्यात काही पाप नाही. आणि ज्यांचा हा व्यवसाय आहे, ते वाइनची परीक्षा करताना घोट गिळत नाहीत, थुंकून टाकतात. त्यासाठी समोर चक्क पिकदाणी ठेवलेली असते. नाशिकला गेलेल्या आमच्या मंडळींपैकी किती जणांनी तिचा उपयोग केला, हे विचारण्याचे आम्ही टाळले.

एका धर्मगुरूने हे सारे कशासाठी लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की आमच्या ओठांना रोज सकाळी द्राक्षारस लागतो. दारूविरोधी व्यासपीठावर उभे राहून ‘एक थेंबही नको’ असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. ख्रिस्तसभा आणि द्राक्षवेल यांचे नाते फार जुने आहे. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी सहाव्या शतकात नियम लिहिले. वाइन मठवासीयांना शोभत नाही हे ठाऊक असूनही, ही गोष्ट त्यांना पटवता येत नाही हे मान्य करून, त्यांनी रोजचे एक माप ठरवून दिले आणि तृप्ती होईपर्यंत पिऊ नये असे बजावले. पुढे फ्रान्समधील सिस्टर्सियन मठवासीयांनी बर्गंडीच्या डोंगरउतारांवर कोणत्या तुकड्यातील द्राक्ष कसे उतरते, याचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास केला. शॅम्पेनचे जनक म्हणून ज्यांचे नाव बाटल्यांवर मिरवते ते दों पेरिन्यों हेही बेनेडिक्टाइन मठवासी. त्यांनी शॅम्पेन शोधून काढली ही मात्र दंतकथा आहे. त्यांच्या काळी बाटलीतील बुडबुडे हा दोष समजला जाई आणि तो टाळण्याचाच त्यांचा प्रयत्न होता.

वेदीवरील द्राक्षारसाविषयी ख्रिस्तसभेचा नियम कडक आहे. तो द्राक्षाच्याच फळाचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असे धर्मसंहितेच्या ९२४ व्या कलमात म्हटले आहे. ‘न बिघडलेला’ या शब्दाचा अर्थ आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. नवदीक्षित असताना एका आदिवासी भागातील मिशनमध्ये होतो. वैशाखाचे दिवस, वीज नाही, उघडलेली बाटली लाकडी कपाटात. एके सकाळी मिस्सेची तयारी करताना तेथील वृद्ध सेवकाने बाटलीचे बूच काढून नाकाशी धरले आणि शांतपणे म्हटले, “फादर, याचे लोणचे होईल, मिस्सा होणार नाही.” द्राक्षारसाचा शिरका झाला होता. सेमिनरीत आठ-नऊ वर्षे घालवलेल्या आम्हाला ते कळले नसते. त्या माणसाला अक्षरओळख नव्हती आणि दारूचा स्पर्शही नव्हता. नवी बाटली येईपर्यंत त्या दिवशी दोन तास लोक ताटकळले.

आणखी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धर्मगुरूंमध्येही मद्याच्या व्यसनाने ग्रासलेले असतात. हे लपवण्यात अर्थ नाही. अशा धर्मगुरूला मिस्सेसाठी ‘मुस्तुम’, म्हणजे ज्याचे आंबणे जवळजवळ सुरुवातीलाच थांबवले आहे असा द्राक्षाचा रस, वापरण्याची अनुमती बिशप देऊ शकतात. विश्वास-सिद्धान्त मंडळाने २००३ मध्ये याविषयी स्पष्ट पत्र काढले. तेव्हा त्या मंडळाचे प्रमुख कार्डिनल राट्झिंगर होते, जे पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे झाले. वेदीवर द्राक्षारसाचा आग्रह धरणाऱ्या ख्रिस्तसभेनेच मान्य केले आहे की काही माणसांच्या बाबतीत एक घोटही फार आहे. हे वाक्य आम्ही त्या तरुणाला दोनदा वाचून दाखवले. कारण ज्याच्या वडिलांना व्यसन होते, त्याच्यासाठी धोका इतरांपेक्षा अधिक असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्याने वहीत द्राक्षांच्या जाती लिहिल्या आहेत. आपण महिन्यातून किती पेले घेतले, याचीही नोंद त्याच वहीत त्याने ठेवावी, असे आम्ही त्याला सांगितले. तो थोडा गप्प झाला. पण वही त्याने बंद केली नाही.

लाल वाइन हृदयाला चांगली असते, हे आजकाल प्रत्येक मेजवानीत ऐकू येते. या समजुतीला जोर आला तो १९९१ मध्ये, अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात आणि त्यामागे लाल वाइन असावी, असे त्यात सुचवले गेले. पाठोपाठ तेथे लाल वाइनचा खप उसळला. त्यानंतरच्या संशोधनाने हा दावा फार दुबळा केला आहे. मद्य हे कर्करोगास कारणीभूत होणाऱ्या द्रव्यांपैकी एक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवले होते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. तेव्हा ज्याला वाइन आवडते त्याने ती आवडते म्हणून थोडी घ्यावी. औषध म्हणून घेतो असे म्हणू नये. गंमत अशी की ज्या देशांकडून आपण ही रसिकता घेतो, ते देशच पेला खाली ठेवत आहेत. फ्रान्समध्ये १९६० च्या सुमारास दरडोई वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आज ते प्रमाण निम्म्याहूनही कमी आहे. २०२३ मध्ये तेथील सरकारने अतिरिक्त वाइनचा मद्यार्क करून टाकण्यासाठी पैसा दिला आणि बोर्दो परिसरात वेली उपटण्यासाठीही मदत दिली गेली. २०२४ मध्ये जगातील वाइनचा खप १९६१ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर गेला.

पुढच्या रविवारी आजीबाई ठरल्याप्रमाणे आल्या. आम्ही त्यांना सांगितले, “आजी, दारूच आहे. नातवाला म्हणावे, मद्य म्हणूनच शीक, फळांचा रस म्हणून नको.” त्यांनी मान हलवली. त्यांना हेच अपेक्षित होते. आपण जिंकलो, असा भाव चेहऱ्यावर होता.

मग आम्ही त्यांना विचारले, “यंदा बरणी कधी भरणार?”

वसईतील वाचकांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज नाही. नाताळच्या आधी घरोघरी काळ्या द्राक्षांची किंवा मनुक्यांची वाइन लावली जाते. द्राक्षे कुस्करायची, साखर, मूठभर गहू, थोडे यीस्ट, उकळून गार केलेले पाणी. चिनीमातीच्या बरणीला फडके बांधायचे, रोज लाकडी डावाने ढवळायचे आणि एकवीस दिवसांनी गाळायचे. नाताळच्या दिवशी ती पाहुण्यांना देतात, आणि लहान मुलांनाही चमचाभर, कधी पेलाभर देतात. ‘घरचीच तर आहे’ असे म्हणून देतात. या बरणीवर लेबल नसते. दुकानातील बाटलीवर निदान टक्केवारी आणि धोक्याची सूचना छापावी लागते. घरच्या बरणीत किती मद्यार्क आहे, हे लावणाऱ्यालाही ठाऊक नसते. वास्तविक हिशेब अवघड नाही. लिटरमागे सुमारे सतरा ग्रॅम साखर आंबली की एक टक्का मद्यार्क होतो. चार लिटरच्या बरणीत एक किलो साखर घातली आणि ती सगळी आंबली, तर केवळ त्या साखरेतूनच चौदा टक्क्यांच्या वर मद्यार्क होऊ शकतो. द्राक्षांची स्वतःची साखर निराळी. ती पुरती आंबली नाही तर वाइन गोड लागते, आणि गोड लागते म्हणून ती ‘सरबत’ समजली जाते. नाशिकहून नातवाने आणलेल्या बाटलीपेक्षा आजीची बरणी कडक असण्याचा संभव आहे. शिवाय परवान्याविना मद्य तयार करण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, हेही आम्ही नाइलाजाने सांगितले.

आजीबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या सासूबाईंची बरणी आहे ती. त्यांच्या मुलानेही लहानपणी तिच्यातीलच पेला प्यायला असेल, हे आमच्या मनात आले, आणि त्यांच्याही आले असावे. आम्ही ते उच्चारले नाही, आणि त्यांच्या दुःखाचे मूळ त्या बरणीत होते असे आम्ही म्हणतही नाही. तसे म्हणायला आमच्याकडे आधार नाही.

शेवटी त्यांनी विचारले, “फादर, मग पोरांना काय द्यायचे?”

काळ्या द्राक्षांचा ताजा रस, गाळून, थंड करून, त्याच पेल्यांत द्यावा, असे आम्ही म्हटले. नातवाकडून द्राक्षे मागवा, त्याला आता जाती कळतात, असेही सांगितले. नाताळनंतर तो आम्हाला भेटायला येणार आहे. येताना रसाची बाटली आणतो की वाइनची, ते तेव्हा पाहू.